मेंदूतले पाणी आणि बांधाची उघाडी



खाडीकाठच्या माणसाला खाराचा बांध समजावून सांगावा लागत नाही. पण घाटावरून किंवा शहरातून आपल्याकडे नव्याने बदलून आलेले गुरुजी आणि बाई यांच्यासाठी चार शब्द सांगतो. आपल्या मालवण किनाऱ्यावर खाडीच्या कडेने मातीदगडांचे बांध असतात. आत भाताची जमीन, बाहेर खारे पाणी. पावसाचे पाणी आत साचले तर भात कुजणार, आणि खाडीचे पाणी आत शिरले तर जमीनच नासणार. म्हणजे आतले पाणी बाहेर गेले पाहिजे, पण बाहेरचे आत येता कामा नये. यासाठी बांधात एक झडपेचे दार बसवतात, त्याला उघाडी म्हणतात. शेजारी गोव्यात तिलाच मानस म्हणतात. फळी वरून टांगलेली असते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याचा जोर फळीला बाहेर ढकलतो आणि पाणी वाहून जाते. भरती आली की खाडीचे पाणीच फळी दाबून बंद करते. तिथे माणूस उभा करावा लागत नाही, काम पाणीच करते.

आजच्या व्याख्यानाचा विषय मेंदूत साचलेले पाणी बाहेर काढण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास हा आहे. बांधावरून सुरुवात का केली, हे पुढे आपल्या लक्षात येईलच. या इतिहासातली दोनशे वर्षे माणसाला नुसते पाणी काढता येत होते. उघाडी काही त्याला सुचली नव्हती. आणि तेवढ्या एका गोष्टीवाचून किती मुले गेली याची मोजदाद नाही.

प्रथम हे पाणी कोणते, ते पाहू. आपला मेंदू कवटीत कोरडा ठेवलेला नसतो. त्याच्या आत चार पोकळ्या आहेत, वैद्यकात त्यांना विवरे म्हणतात. या विवरांच्या भिंतींना रक्तवाहिन्यांचे बारीक झुबके असतात आणि त्यांतून स्वच्छ, पाण्यासारखा द्रव अखंड पाझरत असतो. मोठ्या माणसात तासाला सुमारे २० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ अर्धा लिटर. पण कोणत्याही क्षणी डोक्यात आणि पाठीच्या कण्यात मिळून हा द्रव असतो अवघा १५० मिलिलिटरच्या आसपास. याचा अर्थ असा, की दिवसातून तीन-चार वेळा सगळे पाणी बदलते. जुने रक्तात जिरते, नवे पाझरते. मेंदू या पाण्यात तरंगतो, म्हणून त्याचे स्वतःचे वजन त्याला जाणवत नाही आणि लहानसहान हादरे सोसतो.

एका विवरातून दुसऱ्यात जाणाऱ्या वाटा मात्र अरुंद आहेत. तिसऱ्या विवरातून चौथ्यात जाणारी नळी तर जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंदीची. खाडीच्या तोंडाशी वाळू साचली की वरच्या अंगाला पाणी कसे तुंबते ते आपण पाहतो. तसेच इथे होते. वाट जन्मतःच अरुंद असेल, क्षयाच्या किंवा दुसऱ्या कसल्या मेंदूज्वराने चिकटून बंद झाली असेल, गाठीने दाबली असेल, रक्तस्रावाने भरली असेल, तर पाझर थांबत नाही आणि निचरा होत नाही. विवरे फुगतात. तान्ह्या मुलाच्या कवटीची हाडे अजून सांधलेली नसतात, म्हणून त्याचे डोके वाढत जाते. टाळू ताणलेली, फुगलेली दिसते, डोक्यावरच्या शिरा उठून दिसतात, आणि डोळे खाली वळल्यासारखे, मावळत्या सूर्यासारखे दिसू लागतात. याला जलशीर्ष म्हणतात. इंग्रजी शिकलेले लोक हायड्रोकेफॅलस म्हणतात, त्याचाही अर्थ तोच. मोठ्या माणसाची कवटी वाढू शकत नाही, तेव्हा त्याला डोकेदुखी, ओकाऱ्या, गुंगी आणि शेवटी बेशुद्धी, असा क्रम लागतो, आणि पुष्कळदा तासांचा हिशेब असतो.

आपल्याकडे कवटी उघडण्याची एक गोष्ट मोठ्या आवडीने सांगतात. बल्लाळाच्या भोजप्रबंधात राजा भोजाचे डोके फार दुखे, तेव्हा वैद्यांनी त्याला संमोहन चूर्ण देऊन कवटी उघडली आणि आत शिरलेले मासे काढले, असे आहे. मासळीच्या मुलुखात ही गोष्ट गंमतीने ऐकायला हरकत नाही. पण ती भोजानंतर काही शतकांनी लिहिलेली गोष्ट आहे, तिला शस्त्रक्रियेचा पुरावा म्हणून पुढे करू नये. काश्मीरमधल्या बुर्झाहोम येथे नवाश्मयुगातली भोके पाडलेली कवटी मिळाली, तो पुरावा खरा. मात्र ती भोके कशासाठी पाडली हे कवटी सांगत नाही.

डोक्यात पाणी साचते हे प्राचीन ग्रीकांनाही ठाऊक होते. पण पाणी मेंदूच्या बाहेर साचते की आत, याचा घोळ फार काळ चालला. दहाव्या शतकाच्या सुमारास कॉर्डोव्यातला थोर अरब शल्यवैद्य अल-झहरावी याने अशी मुले पाहिली आणि शस्त्र न लावणेच बरे असे ठरवले. तो भित्रा नव्हता, त्या काळच्या शस्त्रांची मर्यादा ओळखणारा होता. पुढे १५५५ साली छापलेल्या ग्रंथाच्या आवृत्तीत शरीरशास्त्रज्ञ वेसेलियसने जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग इथल्या दोन वर्षांच्या मुलीचे वर्णन दिले. तिच्या डोक्यात जवळजवळ नऊ पौंड पाणी होते, आणि ते कवटीखाली नव्हे तर मेंदूच्या विवरांत होते. घोळ तिथे मिटला. उपाय मात्र सापडला नाही.

१७४४ साली फ्रान्सच्या रुआँ शहरात क्लोद-निकोला ल का या शल्यवैद्याने एका बाळाच्या विवरात मुद्दाम बनवलेली नळी घालून थोडे थोडे पाणी काढले. नळी तशीच ठेवली, तिला बूच लावले, म्हणजे एकदम सगळे पाणी जाऊ नये. आजच्या दृष्टीने पाहिले तर त्या माणसाची समज पुष्कळ पुढची होती. बाळ पाचव्या दिवशी गेले. जंतू म्हणजे काय हेच जगाला माहीत नव्हते, तिथे डोक्यात ठेवलेली नळी जंतूंची वाट झाली असणार हे सांगायला ज्योतिषी नको.

मधली शंभर-सव्वाशे वर्षे मी झरझर ओलांडतो, कारण त्यांत दुःखच फार आहे. डॉक्टर सुई घालत, पाणी काढत, दोन दिवस मूल हसे, पुन्हा पाणी भरे, पुन्हा सुई. पाणी एकदम काढले तर मेंदू आत ओढला जाऊन बाहेरच्या शिरा तुटत. जपून काढले तर जंतू शिरत. १८६७ साली लिस्टरने जंतुनाशकाने जखम राखण्याची रीत जाहीर केली, त्यानंतर पारडे फिरले. १८८१ साली जर्मनीत कार्ल वेर्निकेने जंतुमुक्त साधनांनी विवरात नळी घालून बाहेर निचरा केला. आज प्रत्येक मोठ्या रुग्णालयात जी तातडीची शस्त्रक्रिया करतात, तिची ही पहिली पायरी. १८९१ साली क्विन्केने पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढण्याची रीत दिली, तीही आपल्याकडे मेंदूज्वराच्या तपासणीसाठी रोज वापरतात. "पाठीतून पाणी काढले म्हणून माणूस अधू झाला" असे आपल्या गावांतून अजून ऐकू येते. माणूस अधू होतो तो मेंदूज्वराने. सुईवर आळ येतो, कारण सुई डोळ्यांना दिसते आणि रोग दिसत नाही.

पाणी येते कुठून आणि जाते कुठे, याचा छडा अमेरिकेत बाल्टिमोरच्या वॉल्टर डँडीने लावला. १९१३-१४ साली त्याने आणि ब्लॅकफॅनने कुत्र्यांच्या मेंदूतली ती अरुंद नळी बंद करून पाहिली. वरची विवरे फुगली. पाणी आतच तयार होते आणि त्याच वाटेने बाहेर पडते हे सिद्ध झाले. १९१८ साली डँडीने विवरांतले पाणी काढून तिथे हवा भरली आणि क्ष-किरणांनी छायाचित्र घेतले. हवा काळी दिसते, म्हणून विवरांचा आकार प्रथमच जिवंत माणसात दिसला. रोग्याला त्याचा त्रास फार होई. पण १९७१ साली लंडनजवळ हाउन्सफील्डच्या यंत्राने मेंदूचा पहिला सीटी स्कॅन निघेपर्यंत डॉक्टरांना मेंदूच्या आत पाहायला अशीच साधने होती.

आता बाहेर निचरा करण्याच्या शस्त्रक्रियेचे आजचे रूप सांगतो, कारण आपल्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या घरी हा प्रसंग येतो. रक्तदाबाची गोळी मनाने बंद केली आणि मेंदूत रक्तस्राव झाला, माडावरून कोणी पडला, महामार्गावर मोटारसायकल घसरली, अशा वेळी डॉक्टर सांगतात, "डोक्यात पाणी वाढते आहे, नळी टाकावी लागेल." नातेवाइकांच्या पायाखालची वाळू सरकते. पण हे काम मेंदूच्या शस्त्रक्रियांत लहान समजतात. बहुधा उजव्या बाजूला, केसांच्या रेषेच्या थोडे मागे, मधल्या रेषेपासून सुमारे तीन सेंटिमीटरवर कवटीला छोटे भोक पाडतात. स्वित्झर्लंडच्या थेओडोर कोखर या शल्यवैद्याचे नाव त्या जागेला आहे. उजवी बाजू का? बहुतेकांचे बोलणे मेंदूच्या डाव्या बाजूकडून चालते, म्हणून. तिथून मऊ नळी पाच-सहा सेंटिमीटर आत विवरापर्यंत जाते, आणि कातडीखालून थोडी दूर नेऊन बाहेर काढतात, म्हणजे जंतूंना वाट लांब पडावी. बाहेर तिला पिशवी जोडतात.

या पिशवीचे मर्म गवंड्याला लगेच कळेल. भिंतीची पातळी घ्यायला तो पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोके धरतो ना, तेच तत्त्व. कानाची पातळी शून्य धरून पिशवी किती उंच टांगायची ते डॉक्टर ठरवतात. मेंदूतला दाब त्या उंचीपेक्षा जास्त झाला तरच पाणी पिशवीत पडते. पिशवी खाली आली तर पाणी नको इतके निघून जाईल, वर गेली तर निघणारच नाही. म्हणून नातेवाइकांनो, रोग्याला उसवायला, बसवायला, उशी बदलायला जाण्याआधी परिचारिकेला हाक मारा. ती नळीची तोटी बंद करील, मग हलवा. मायेने उशी उंच करणारा हात इथे घात करू शकतो. १९६० साली स्वीडनमध्ये लुंडबर्गने अशाच नळीला दाबमापक जोडून १४३ रोग्यांच्या मेंदूतला दाब सतत टिपला. दाब लाटांसारखा चढतो-उतरतो हे त्यातून दिसले. तेव्हापासून ही नळी पाणी काढते आणि दाबही सांगते.

पण ही तात्पुरती सोय. आठ-पंधरा दिवसांपलीकडे नळी ठेवली तर जंतू शिरण्याचा धोका वाढत जातो. ज्या मुलाची वाट कायमची बंद आहे त्याने काय करायचे? पाणी शरीरातल्या शरीरातच दुसरीकडे वळवले पाहिजे, म्हणजे रक्तात किंवा पोटाच्या पोकळीत. हे प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभापासून झाले. नळ्या रबराच्या, काचेच्या, धातूच्या. त्या तुंबत, सडत. रक्तात सोडावे तर नळीतून रक्त उलटे वर चढून गोठे. भरतीचे पाणी शेतात शिरले म्हणा ना. बांध होता, उघाडी नव्हती.

ती १९४९ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या नुल्सेन आणि स्पिट्झ यांनी प्रथम बसवली. चेंडू आणि स्प्रिंग यांची एकमार्गी झडप. कल्पना बरोबर होती, पण धातूचे काम शरीराला मानवेना. मग या कथेत एक कारागीर आला. जॉन होल्टर हा कुलुपांच्या कारखान्यात यंत्रांचे काम करणारा माणूस. १९५५ च्या नोव्हेंबरात त्याला मुलगा झाला, तो कण्याच्या जन्मदोषासह, आणि पाठोपाठ जलशीर्ष. डॉ. स्पिट्झ यांनी त्याला सांगितले की झडप नीट जमली तर मुले वाचतील. होल्टरने घरी गॅरेजमध्ये काम मांडले. रुग्णालयात त्याने पाहिले होते, की रबरी नळीत सुई टोचून काढली तरी बाहेर गळत नाही, दाबाने ती चीर आपोआप मिटते. त्याने नळीत चिरा पाडून झडपा केल्या, एक आत घेणारी, एक बाहेर सोडणारी. शरीराला न बोचणारे सिलिकोन नुकतेच मिळू लागले होते, ते वापरले. काही आठवड्यांत झडप तयार झाली आणि १९५६ साली ती मुलांमध्ये बसू लागली. होल्टरच्या मुलालाही बसवली, पण तो आधीच फार आजारी होता, काही वर्षांनी गेला. ज्यासाठी धडपड केली तो राहिला नाही, दुसऱ्यांची हजारो राहिली. होल्टर मग आयुष्यभर झडपाच करीत राहिला.

दुसरी हकीकत इंग्रजीतले प्रसिद्ध बालकथालेखक रोआल्ड डाल यांच्या घरची. शाळेतल्या बाईंना त्यांचे नाव नवे नसेल. १९६० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या चार महिन्यांच्या मुलाच्या बाबागाडीला टॅक्सीने धडक दिली. डोक्याला मार लागून पाणी साचू लागले. झडप बसवली, ती पुन्हा पुन्हा तुंबे. दर वेळी मुलाची नजर जाई, पुन्हा शस्त्रक्रिया. डाल इंग्लंडला परतले. तिथे स्टॅन्ले वेड नावाचा एक माणूस खेळण्यातल्या विमानांची इंजिने बनवी. त्यातला बारीक तेलाचा पंप कधी तुंबत नसे. डाल, वेड आणि लंडनच्या मुलांच्या रुग्णालयातले शल्यवैद्य केनेथ टिल या तिघांनी मिळून नवी झडप बनवली. ती तयार झाली तोवर डालच्या मुलाला झडपेची गरजच उरली नव्हती. १९६२ साली ती दुसऱ्याच एका मुलाला बसली, आणि पुढे काही हजार मुलांना. तिघांनी एक पैसा नफा घेतला नाही. कुलूपकाम करणारा आणि खेळण्यातली इंजिने करणारा, अशा दोघांच्या हातची कला मेंदूत जाऊन बसली. गावच्या शाळेत हस्तव्यवसायाचा तास उपेक्षेने घेणाऱ्यांनी याचा विचार करायला हरकत नाही.

आपल्या देशात काय चालले होते? मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जेकब चांडी यांनी सुरू केला. ते कॅनडात माँट्रियलला पेनफिल्ड यांच्या हाताखाली शिकून आले होते. १९५० साली मद्रासला डॉ. राममूर्ती उभे राहिले. १९५१ साली या दोघांनी नरसिंहन आणि बलदेव सिंग यांच्यासह भारतीय मज्जाशास्त्र संस्था स्थापन केली. या विषयाचे चार जाणकार, आणि तेच संस्थापक. त्याच दशकात मुंबईत डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांनी या शाखेचा पाया घातला. दस्तूरांचे काम परळच्या केईएम रुग्णालयात झाले.

परळ म्हटले की आपल्या माणसाला वेगळे सांगायला नको. गिरणगावात मालवण-वेंगुर्ल्याच्या चाकरमान्यांच्या खोल्या होत्या. आजारी मूल घेऊन आई होडीतून बोटीवर चढे, रात्रभर लाटा सोसून भाऊच्या धक्क्याला उतरे, आणि लालबाग-परळच्या एका खोलीत, जिथे आधीच दहा माणसे असत, तिथे पथारी टाके. तिथून केईएम किंवा १९२९ पासून मुलांसाठी चाललेले बाई जेरबाई वाडिया रुग्णालय, चालत जाण्याच्या अंतरावर. इतिहासाच्या पुस्तकांत शल्यवैद्यांची नावे येतात, त्या खोल्यांची येत नाहीत. पण दूरच्या गावातल्या मुलाला उपचार मिळाले ते त्या खोलीमुळेच. शस्त्रक्रियेनंतर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा दाखवायचे असे, आणि तेवढ्यासाठी बोटीचे भाडे, बुडालेली मजुरी सोसून परत कोण येणार? जे आले नाहीत त्यांचे पुढे काय झाले, याची नोंद कुठल्याही दवाखान्यात नाही.

आणखी अडचण पैशाची होती. झडपा परदेशातून येत. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले बालशल्यविशारद डॉ. उपाध्याय यांनी देशी झडप तयार केली, पुढे उत्तर प्रदेशातल्या शाहजहानपूरला बनणारी छाब्रा झडप आली. सिलिकोनच्या नळीत चीर, बाहेर बारीक स्प्रिंग. होल्टरच्या चिरेचीच बहीण म्हणा. स्वस्त म्हणजे हलकी, अशी शंका लोक घेतात, आणि डॉक्टरही घेत. आफ्रिकेतल्या युगांडात बेंजामिन वॉर्फ या अमेरिकन शल्यवैद्याने ती तपासून पाहिली. १९५ मुलांत काहींना सुमारे ३५ डॉलरची छाब्रा झडप, काहींना ६५० डॉलरची परदेशी झडप बसवली. वर्षभराने दोहोंत फरक दिसला नाही. हा निकाल २००५ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडची वस्तू चांगली आहे हे आपल्याला युगांडातून कळावे, याचे थोडे हसू येते.

झडपेला शंट म्हणतात, हा शब्द आता खेड्यातही रुळला आहे. पूर्वी नळीचे दुसरे टोक हृदयाकडे नेत, आता बहुधा कातडीखालून मान-छातीवरून पोटात सोडतात. मूल वाढेल म्हणून पोटात नळी जादा ठेवतात. पण शंट एकदा बसवला की काळजी मिटली, असे कोणी सांगेल तर ते खरे नाही. बसवल्यापासून दोन वर्षांत जवळजवळ निम्म्या मुलांचा शंट कधी ना कधी बिघडतो. तुंबतो, निखळतो, जंतू शिरतात. उघाडीत गाळ अडकला तर गावचे चार लोक जाऊन काढतात. इथे पुन्हा शस्त्रक्रिया लागते, आणि ती कित्येकदा त्याच दिवशी लागते.

म्हणूनच वॉर्फने दुसरी वाट धरली. दुर्बिणीने तिसऱ्या विवराच्या तळाला छोटे भोक पाडायचे, म्हणजे पाणी तुंबलेली जागा वळसा घालून आपल्या नैसर्गिक वाटेला लागते. नळी नाही, झडप नाही. कल्पना जुनी. १९२३ साली बोस्टनच्या मिक्स्टरने मूत्रमार्ग तपासायच्या दुर्बिणीने हे एकदा केले होते, पण उजेड आणि भिंगे बरी नव्हती म्हणून मागे पडले. तान्ह्या मुलांत हे पुरेसे टिकत नसे, म्हणून वॉर्फने पाणी पाझरणारे झुबकेही जाळण्याची जोड दिली. २०१७ साली टोरांटोचे डॉ. अभय कुलकर्णी आणि वॉर्फ आदींनी युगांडातल्या १०० तान्ह्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना शंट, निम्म्यांना दुर्बीण. वर्षाअखेर मुलांच्या बुद्धीच्या वाढीत दोन्हींकडे लक्षणीय फरक नव्हता. जिथून रुग्णालय दूर आहे, बिघडलेला शंट घेऊन त्याच दिवशी पोचता येत नाही, तिथे या निकालाला मोठी किंमत आहे. सगळ्या मुलांना ती वाट चालत नाही, कोणाला चालेल हे तज्ज्ञच ठरवतात.

दूर म्हटल्यावर आपला जिल्हा आलाच. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, बोटी गेल्या. तरी मेंदूची शस्त्रक्रिया म्हटली की आपले लोक बहुतेक गोव्यात बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे जातात, मालवणहून शंभर-सव्वाशे किलोमीटर. १८४२ साली पोर्तुगीज काळात पणजीत सुरू झालेल्या वैद्यक-शाळेचा तो वारसा. २०१८ साली तिथे परराज्यातल्या रोग्यांना शुल्क लागू झाले तेव्हा दोडामार्ग-सावंतवाडी भागात लोक रस्त्यावर उतरले होते, ते विनाकारण नव्हे. राज्याच्या जनआरोग्य योजनेत मेंदूच्या शस्त्रक्रिया बसतात. शिधापत्रिका आणि आधार बरोबर न्यावे, आणि रुग्णालयात शिरल्याबरोबर आरोग्यमित्राला गाठावे.

आता घरची गोष्ट. आपल्याकडे बाळाची टाळू तेलाने भरतात. रोज त्या जागी आजीचा हात फिरतो. म्हणजे टाळू फुगलेली, ताठ लागते हे सर्वांआधी आजीच्या बोटांना कळते. "पोराचां डोकां मोठां दिसता," असे ती म्हणाली तर तिला गप्प करू नका, आणि नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून विषय संपवू नका. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो. पहिले तीन महिने तो महिन्याला साधारण दोन सेंटिमीटरने वाढतो, पुढचे तीन महिने एकाने, मग वर्षाअखेरपर्यंत अर्ध्याने. याहून भराभर वाढत असेल तर दाखवावे. अंगणवाडीत शिंप्याची फीत असतेच. ती कपाळावर, भुवयांच्या वर, आणि मागे डोके जिथे सर्वांत फुगीर आहे तिथून न्यावी. एकदा मोजून उपयोग नाही. दर महिन्याला मोजून लिहून ठेवावे.

आणि आईला दोष देऊ नये. ग्रहणात विळी धरली, असे काही म्हणणाऱ्या बायका गावोगाव आहेत. कण्याचा जो जन्मदोष होल्टरच्या मुलाला होता, तो गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांतच ठरतो, पुष्कळदा आईला दिवस गेल्याचे कळायच्या आत. १९९१ साली इंग्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात, आधी असे मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतले तेव्हा हा दोष ७२ टक्क्यांनी कमी झाला. स्वस्त गोळी आहे, पण दिवस राहिल्यावर नव्हे, आधीपासून घ्यायची. क्षयाच्या मेंदूज्वरापासून तान्ह्यांना पुष्कळ संरक्षण देणारी बीसीजीची लस तर जन्मतःच मिळते.

शिक्षकांना शेवटी एक सांगायचे आहे. आपल्या वर्गात शंट असलेले मूल येईल. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून, अंगणवाड्यांतून फिरतात, त्यांच्या नोंदीतून ते कळेलही. त्याला काचेच्या भांड्यासारखे कोपऱ्यात बसवू नका. त्याला शिकू द्या, धावू द्या. डोक्यावर दणका बसेल असे खेळ तेवढे डॉक्टरांना विचारून. मात्र नेहमी बोलके असणारे ते मूल एखाद्या सकाळी डोके धरून बसले, ओकले, पेंगू लागले किंवा फळ्यावरचे दिसत नाही म्हणाले, तर पित्त झाले म्हणून घरी पाठवू नका. पालकांना बोलवा आणि गाडी थेट बांबोळीच्या रस्त्याला लागू द्या. शंट कोणत्या जातीचा, कधी बसवला, कुठल्या रुग्णालयात, हे लिहिलेला कागद मुलाच्या दप्तरात आणि एक प्रत शाळेच्या कपाटात हजेरीपटाजवळ ठेवा. त्यावर शस्त्रक्रिया केलेल्या विभागाचा दूरध्वनी क्रमांकही लिहून घ्या.